वाटेवरची आडवी डहाळी

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे — आणि एकदाही सांगितलेली नाही. दोन्ही खरं आहे. नंदुरबारच्या मिरचीबाजारात, शाळेच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विषय काढतं. मी आधी नको नको म्हणतो आणि मग रंगवून सांगतो. भास्कर दरीत कसा पडला, मी कसा खाली उतरलो, त्याला पाठीवर घेऊन कसा वर आलो. लोक माना डोलावतात. पण त्या गोष्टीच्या अलीकडे एक तुकडा आहे, तो मी बायकोलाही सांगितलेला नाही. आज तुम्हाला सांगायचं ठरवून बसलो, आणि बसल्यापासून उठून उठून पाणी पितो आहे. तहान कुठे आहे? पण बसवतच नाही.

आम्ही चार मित्र होतो. बाकीच्या दोघांची नावं कशाला घेऊ, त्यांचा यात काही दोष नाही. थंडी पडली की आमचे पाय शिवशिवायचे. बैलगाडीने प्रकाशाला जायचं, नावेतून तापी ओलांडायची, शहादा मागे टाकून सातपुड्याला भिडायचं, आणि मग पायी तोरणमाळ. वर जुन्या किल्ल्याची पडकी तटबंदी, मोठा तलाव, साधूंच्या गुहा. पण खरी मजा त्याच्याही पुढे होती — पलीकडच्या अंगाने उतरत, पावरा लोकांचे पाडे ओलांडत नर्मदेचा काठ गाठायचा. त्या काळी नंदुरबारातून हौसेने तिकडे कुणी जात नसे. आम्ही जायचो, आणि परत आल्यावर पुढची होळी येईपर्यंत तोच तोरा मिरवायचो.

आमच्यात एक रीत पडली होती. नर्मदेच्या पाण्यात जो पहिला पाय घालील त्याने तांब्या भरायचा, आणि तो भरलेला तांब्या त्यानेच नंदुरबारपर्यंत न्यायचा. गावात शिरलो की ओट्याओट्यावरून विचारणा व्हायची, "औंदा तांब्या कोनी भरा?" हसू येतं ना? पितळेचा, पोचे पडलेला एक तांब्या! पण विशी-बाविशीत माणसाला काय मोठं वाटेल याचा काही नेम असतो का? दर वर्षी तो तांब्या भास्करच भरायचा.

भास्कर मिरचीच्या अडत्याचा मुलगा. उंच, काटक, खडकावर शेळीसारखा चढायचा. आणि वर पोचला की मागे वळून मला हात द्यायचा — मला तेच जास्त झोंबायचं. गाडी मी ठरवायची, शिधा मी बांधायचा, चौघांच्या घरच्यांची समजूत मी काढायची, आणि नाव मात्र भास्करचं. त्याने मला कधी हिणवलं नाही. हिणवलं असतं तर निदान आज एक कारण तरी हाताशी असतं.

आता वेस्ताबद्दल सांगायला हवं. मी टाळतो आहे, माझ्याही लक्षात येतंय.

वेस्ता तोरणमाळखालच्या एका पाड्यावरचा पावरा, आमच्याहून थोडा मोठा. तो आमचा वाटाड्या. घरी पावरी बोलायचा, आमच्याशी अडखळत अहिराणी. डोंगरात ही माणसं एकामागे एक अशा ओळीने चालतात, आणि सगळ्यात पुढच्याकडे एक काम असतं. वाट फुटली की ज्या वाटेने जायचं नाही तिच्यावर त्याने हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागून येणाऱ्याने डहाळी बघायची आणि दुसरी वाट धरायची. वेस्ता तर डहाळीच्या देठावर दगडही ठेवायचा, वाऱ्याने सरकू नये म्हणून. हाक नाही, खूण विचारणं नाही. पाड्यावरची बाई अंधारून आल्यावरसुद्धा त्या डहाळीच्या भरवशावर डोक्यावर भारा घेऊन एकटी येते. पुढे कोण चालणार हे म्हणूनच तिथे कुणी सहज ठरवत नाही. वेस्ता पुढे चालायचा. त्याचा बापही पुढे चालायचा.

त्या वर्षी नर्मदेच्या अलीकडच्या शेवटच्या पाड्यावर भास्करच्या वहाणेचा अंगठा तुटला. सकाळची वेळ होती. तिथला एक म्हातारा वादी घेऊन तो शिवायला बसला. त्यानेच आम्हाला पानाच्या द्रोणातून मोहाची घोटभर दिली. पाहुण्याने नाही म्हणायचं नसतं. वेस्ताने घेतली. मीही घेतली. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

"तुम्ही व्हा पुढे," भास्कर म्हणाला, "मी फांट्या देखत देखत येस."

आम्ही निघालो. वेस्ता पुढे, ते दोघं त्याच्यामागे, मी शेवटी. डोक्यात एकच भुंगा — आज भास्कर मागे आहे. आज तांब्या माझा. आणि लगेच दुसरं: तो धावत येईल. त्याला काय, तो उतारावर आम्हाला गाठेल, आणि काठाच्या वाळूत माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघून जाईल. पुन्हा.

एका जुन्या मोहाच्या झाडाशी वाट फुटली. डावी नर्मदेकडे, उजवी बांबू तोडणाऱ्यांची. उजवीवर टेंभुर्णीची डहाळी, देठावर दगड. तिघं पुढे वळणाआड गेले होते.

मी वाकलो. दगड उचलला, डहाळी उचलली, डाव्या वाटेवर आडवी ठेवली, देठावर दगड ठेवला. दगडही — नीट, वेस्ता ठेवायचा तसा.

झालं. एवढंच. हात झटकले आणि चालू लागलो. मला वाटलं होतं, थोडा भटकेल, कळेल, परत फिरेल, उशीर होईल. पुढे ती वाट दरीच्या कडेवर वाळलेल्या पाचोळ्यात विरून जाते हे मला ठाऊक नव्हतं. नव्हतं ठाऊक! पण हे सांगतानाच मला माझा राग येतो. ठाऊक नसलेल्या वाटेवर माणसाला कुणी ढकलतं का?

नर्मदेत पहिला पाय माझा पडला. पाणी गार होतं, खालचे गोटे लख्ख दिसत होते. मी तांब्या भरून डोक्यावर धरला आणि ओरडलो. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला.

दुपार कलली तरी भास्कर येईना. वेस्ता उठून उभा राहिला. "मी मांगे जाईसन देखी येस," म्हणाला. तेव्हा मी त्याला जाऊ दिलं असतं तर? पण तो गेला असता तर मोहाशी डहाळी बघितली असती. मी हसून म्हणालो, "आरे, पाड्यावर आराम करी ऱ्हायना व्हई तो. सकायले देखूत." त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांबवलं, आणि वर चिडलो की उगाच घोर लावतोस. ती रात्र भास्करने दरीत पाय मोडून काढली. आम्ही काठावर भाकरी भाजून खाल्ली.

सकाळी परत निघालो. मी पुढे पळायला बघत होतो — डहाळी जागेवर ठेवायला, दुसरं कशाला? पण वेस्ताला मागे टाकणं मला कधी जमलं होतं का? मी पोचलो तेव्हा तो मोहाखाली खाली बघत उभा होता.

"वारानी सरकनी व्हई," आमच्यातला एक म्हणाला. वेस्ताला तेवढं पुरलं असतं. त्याने नुसती मान हलवायची होती.

"वारा नई," तो म्हणाला. "दगड शे वर."

मी ते पुरतं ऐकलंही नाही. उजव्या वाटेने हाका मारत सुटलो. पाचोळ्यावर घसरल्याची लांब रेघ दिसली, आणि खाली एका झाडाच्या बुंध्याशी भास्कर. मी उतरलो, खरंच उतरलो, हात सोलले, त्याला पाठीवर बांधून वर आणलं. ते सगळं खरं आहे. लोकांना त्यात माझी माया दिसते. मला मात्र आठवते ती भीती — हा मेला तर? वर येता येता भास्कर माझ्या कानाशी म्हणाला, "माले माहीत व्हतं, तूच येशी."

त्याला झोळीत घालून पाड्यापाड्यातून आणलं. बांबूचं पुढचं टोक सबंध वाट वेस्ताच्या खांद्यावर होतं. त्याने खांदा बदलू दिला नाही.

आणि आता ते. इथवर जे सांगितलं ते मी स्वतःशी कधी कधी पुटपुटलो आहे. हे नाही.

वेस्ताच्या पाड्यावर आलो तेव्हा माणसं जमली. त्यांच्या पाटलाने विचारलं, कसं झालं? वेस्ता म्हणाला, डहाळी उलट्या वाटेवर होती, कशी ते कळत नाही. पाटील आमच्याकडे बघू लागला — एकेकाकडे, सावकाश. नजर माझ्यापर्यंत यायची होती. आणि मी म्हणालो, "सकायमाच पियेल व्हता तो."

कुणी मला काही विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणालो. द्रोणातली ती घोटभर! माझ्याही तोंडाला तिचा वास होता. वेस्ताने माझ्याकडे बघितलं, मग पाटलाकडे, मग म्हणाला, हो, घेतली होती. खोटं बोलणं त्याला सुचलंच नाही. माझ्या दोघा मित्रांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. डोंगरातली माणसं, पिणारच, असं काहीतरी आम्ही गाडीत बोलत आलो.

भास्करचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. त्याने डोंगर सोडला आणि बापाच्या अडतीच्या गादीवर बसला. मी गेलो की तो कुठल्याही नव्या माणसाला सांगतो, "यानीच माले वर काढं." मिरचीच्या खाटाने तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येतं, त्यामुळे माझं फावतं. तो तांब्या त्याने माझ्याकडून मागून घेतला नाही. तो माझ्या देव्हाऱ्याशेजारी आहे. बायको रोज घासते.

मला मात्र एका जागी ठरत नाही. वर्गात शिकवताना येरझाऱ्या घालतो, मुलं मागून नक्कल करतात. रस्त्यात फांदी पडलेली दिसली की मी रस्ता बदलतो. आणि तरी दर महाशिवरात्रीला तोरणमाळच्या जत्रेला जातो. का जातो? दर्शनाला म्हणून सांगतो घरी.

बऱ्याच वर्षांनी एका जत्रेत मला वेस्ताच्या पाड्याची ओळ दिसली. घाटाने वर येत होती, एकामागे एक. पुढे एक तरणा गडी होता. मी ओळीवरून नजर फिरवत गेलो — बाया, पोरं, म्हातारी माणसं — आणि सगळ्यांच्या मागे वेस्ता. केस पिकलेले. त्या ओळीत मागे कोण चालतं, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. ज्याच्या खुणेवर कुणी चालत नाही, तो.

मी तोंड चुकवणार होतो, पण त्यानेच ओळखलं. थांबला. त्याने पहिलं विचारलं ते हे — "भाऊना पाय कसा शे?"

बरा आहे म्हणालो. तो खाली बघत राहिला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघून बोलला, "मन्हाच हात चुकना व्हई, भाऊ. लई इचार कया मी. दुसरं कोन व्हतं तठे?"

दुसरं कोण होतं तिथे? तो मला विचारत नव्हता. त्याच्या मनात माझा संशयही नव्हता. इतकी वर्षं तो त्या मोहाखाली परत परत जाऊन उभा राहिला असणार, आणि शेवटी त्याने स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडून दिला होता, कारण माझ्यावरचा सोडणं त्याला सुचलं नव्हतं.

सांगायचं होतं तर तेव्हाच. समोर तो होता, आजूबाजूला त्याची माणसं होती, पाटलाचा मुलगा तिथेच उभा होता. मी तोंड उघडलं. वेस्ताच्या खांद्यावर हात ठेवला — थोरपणाने, मास्तर ठेवतो तसा — आणि म्हणालो, "जाऊ दे, वेस्ता. आम्ही ते कव्हयच इसरी गऊत."

मी त्याला माफ केलं.

त्याचा चेहरा उजळला. त्याने पुढच्या माणसांना पावरीत काहीतरी सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवलं. दोघातिघांनी मला हात जोडले. मग त्याने कमरेची पिशवी सोडली आणि घरचं आमचूर ओंजळभर काढून माझ्या उपरण्यात बांधून दिलं. मी नको म्हणालो नाही. ओळ पुढे सरकली होती. तो धावत जाऊन पुन्हा सगळ्यांच्या मागे लागला.

ते आमचूर मी घरी आणलं. बायकोने ते बरेच दिवस डाळीत घातलं. चव चांगली होती, मी डाळ दोन्ही वेळा वाढून घेतली.