त्रुटी निघायला नको

केजच्या तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक गृहस्थ बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला ऑनलाइनवालेच म्हणतात. एका बोटाने टाइप करतो आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारतो. साईट अडली की माउसवरचा हात काढून घेतो. म्हणतो, "लई ताप देऊ नका सर, रुसती ती."

भाचीला पुण्यातल्या गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं हवी होती. माझ्या मोबाईलवर पान उघडेना, म्हणून त्याच्याकडे गेलो. तासाभराने ऑनलाइन रांगेत आमचा नंबर लागला. पडद्यावर दोन जागा आल्या, पैसे भरायला सात मिनिटं मिळाली. आणि याचं बोट थांबलं.

"भाचीचं नाव आधारवर कसं हाय?"

"अहो, इथं आधार लागत नाही."

"आज लागत न्हाई. उद्या त्रुटी निघाली की तुमी मलाच धरताल."

झक मारत बहिणीला फोन केला. तिला आधार सापडेपर्यंत सात मिनिटं संपली आणि तिकिटंही संपली.

मी त्याला नको नको ते बोललो. त्याने शांतपणे ‘तिकिटे संपली’ असं लिहिलेल्या पानाची प्रिंट काढली, वर वेळ टाकली, दुकानाचा शिक्का मारला, लॅमिनेशन केलं आणि माझ्या हातात ठेवली.

"भाचीला दाखवा. मामा रांगेत होते, याचा पुरावा."

बाहेर येऊन मी तो कागद चुरगाळायला गेलो. लॅमिनेशन केलेला कागद चुरगळत नाही.