अजून गार व्हायच्यात

भर उन्हाळ्यात थंड पेय विकणाऱ्या बाईच्या दुकानात फ्रिज नसावा, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण आमच्या राघूकाकूंच्या दुकानात शेवटपर्यंत फ्रिज आला नाही. होती ती एक लाकडी पेटी. आत भुसा, भुशात नेकनूरहून सकाळच्या जीपने आलेली बर्फाची लादी, वरून ओलं बारदान, आणि त्या सगळ्याच्या पोटात राघूच्या हिरव्या बाटल्या. काकू कोपरापर्यंत हात आत घालायच्या, डोळे मिटून बाटली चाचपायच्या आणि निकाल सांगायच्या. "ने." नाहीतर, "अजून गार व्हायच्यात." त्यावर अपील नव्हतं.

राघू म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. वडवणीच्या एका अप्पांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढलेलं हे पेय. लेबलावर पोपट, आत पोपटी पाणी, चवीला लिंबू, बडीशेप आणि मागून हळूच येणारी वेलची. प्यायलं की जीभ हिरवी. मोठ्या कंपन्यांच्या काळ्या पेयांना आमच्याकडे कुत्रं विचारत नव्हतं. जत्रेत राघू, सरपंच निवडून आला की राघू. पण त्याचा खरा मान सोयरिकीत. मुलगी बघायला आलेल्यांना चहा-पोहे कुणीही देतं हो; बैठकीत होकार झाला की मगच राघू फुटायचा. "अमक्याच्या घरी राघू फुटला" म्हणजे लग्न ठरलं. आणि फुटलेल्या राघूला बूच बसत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. बाटली उघडली की शब्द फिरवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गावात राघूची एजन्सी एकच, ती काकूंच्या घराण्याकडे. सासऱ्यांच्या वेळेपासून. काकूंच्या कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, डोक्यावरचा पदर कधी घसरला नाही, आणि तोंड मात्र धारदार. काका दिवसभर पारावर पत्ते खेळत. दोन वेळा जेवायला येत. त्या दोघांना कधी भांडताना कुणी पाहिलं नाही. खरं म्हणजे बोलतानाही फारसं पाहिलं नाही. दुकान काकूंनीच ओढलं.

सोयरिकीच्या राघूचे काही नियम होते. एक, गरम राघू फोडायचा नाही, अपशकुन होतो. दोन, बाटल्यांची पहिली बादली मुलीनेच दुकानातून न्यायची, शकुन असतो. हे नियम कुठल्या पोथीत आहेत म्हणून मी पुढे गुरुजींना विचारलं होतं. ते हसले. माझा तर पक्का संशय आहे की दोन्ही नियम काकूंच्या पेटीतूनच निघाले. पण गावाने ते मानले. लग्नाच्या बाबतीत अपशकुनाशी पंगा कोण घेणार?

मला पहिल्यांदा बघायला गेवराईकडचे पाहुणे आले. चांगली माणसं होती. जमीन होती, मुलगा साखर कारखान्यावर होता, सावळा, नीटस. पोहे खाल्ले, दोन प्रश्न विचारले, आणि आमचे आण्णा खूश झाले. आण्णा म्हणजे माझे वडील. खुशीच्या भरात नियम विसरून त्यांनी चुलत्यांनाच राघू आणायला पिटाळलं. चुलते रिकाम्या हाताने परत आले.

"गार न्हाईत म्हणाली. तासाभरानं पोरीलाच धाडा, म्हणाली."

"कावून? सकाळी तर बरफ आलाय," आण्णा म्हणाले. पण पाहुण्यांसमोर काय करणार? त्यांनी पाऊसपाण्याचा विषय काढला, आणि तासाभराने मी बादली घेऊन दुकानात गेले.

काकूंनी मला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि पेटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"बोल."

"काय बोलू?"

"गार झाल्यात का न्हाई ते मला काय ठावं? तू सांग."

घरात मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, मला नको वाटतंय."

"बरं."

"पण का ते सांगता यायचं नाही. मुलगा वाईट नाही."

"कारण कशाला लागतंय गं? गार न्हाई म्हंजी न्हाई." त्यांनी बारदान सारखं केलं. "जा घरी. सांग, लादीच इतळली. घरी बोलायचं ते पाहुणे गेल्यावर बोल, पण बोल मातर. मी फकस्त टाइम देते, तोंड तुझं तुलाच उघडावं लागंल."

मी रिकामी बादली घेऊन घरी आले. त्या बादलीचा खडखडाट अजून कानात आहे. पाहुण्यांची बस होती. "कळवतो" म्हणून ते उठले. त्यानंतर मी आण्णांसमोर उभी राहिले आणि बोलले. आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना स्वतःशीच पुटपुटले, "त्या बाईच्या पेटीला नेमका तवाच बरफ कसा पुरत न्हाई, देव जाणे." पण नकार कळवला. राघू फुटला असता तर आण्णांनी जीव गेला तरी शब्द मोडला नसता. माणूसच तसा होता.

पुढच्या वर्षी चकलांब्याचं स्थळ आलं. बैठकीतून निरोप निघायच्या आत मी बादली घेऊन दुकानात हजर. काकूंनी मला वरून खाली न्याहाळलं.

"आगं, दम धर की! बाटल्या गारच हायेत, तूच घामाघूम झालीस." आणि एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की पारावर पत्ते खेळणाऱ्यांनी माना वळवून बघितलं. मी लाजेने मेले होते, पण बादली घट्ट धरली होती.

मी चकलांब्याला नांदत असताना वडवणीच्या अप्पांच्या मुलाने कारभार हाती घेतला. हुशार पोरगा. त्याने प्लॅस्टिकच्या बाटल्या काढल्या आणि प्रत्येक एजन्सीला काचेच्या दाराचा फ्रिज फुकट दिला. आत दिवा, बाहेर पोपट. टेम्पोतून फ्रिज उतरवायला लागले, तर काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नगं. लाईटीचा काय भरवसा न्हाई."

"काकू, फुकट हाय."

"दुकानात जागा न्हाई."

"मी जागा करून देतो. पेटी काढू की ही."

"पेटीला हात लावायचा न्हाई!"

पोरगा शेवटी वैतागला. "काकू, लोक गार बाटली मागायलेत. फ्रिज न्हाई तर एजन्सी न्हाई." काकूंनी आत जाऊन राघूची पाटी काढून आणली आणि त्याच्या हातात दिली. ज्या धंद्यावर घर चाललं, तो एका वाक्यात सोडला. एजन्सी स्टँडवरच्या हॉटेलकडे गेली. गाव म्हणालं, म्हातारीला चळ लागला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू!

माहेरी गेले तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. दुकानात आता गोळ्या-बिस्किटं आणि निरम्याच्या पुड्या. पेटी तिथेच, आत काकूंची गोधडी. मी रागावूनच विचारलं, "काकू, असं कशाला केलंत हो? फ्रिजनं काय बिघडलं असतं?"

"लई बिघडलं असतं. काचंतून समद्या गावाला दिसतंय गार हायेत ते. मग म्या काय सांगू?"

मी त्यांच्याशेजारी पेटीवरच बसले. मग न राहवून विचारलं, "तुमच्या वेळी कुणी विचारलं होतं का?"

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. निरम्याच्या पुड्या सारख्या करत म्हणाल्या, "सासऱ्याचीच एजन्सी. बाटल्या येतानाच बरफात घालून आणल्या व्हत्या. मी आत चहा गाळीत व्हते. बाहेर फस्स आवाज झाला, तवा कळलं माझं लगीन ठरलं."

बाहेर पारावर काकांनी पत्ता आपटला. काकूंनी तिकडे बघितलं. "माणूस वंगाळ न्हाई. इचारलं असतं तर मी हो बी म्हणले असते. म्हणले असते का न्हाई, ते मलाच कवा कळलं न्हाई बघ."

काकू मागच्या उन्हाळ्यात गेल्या. मी पोचले तोवर माती झाली होती. मला फार रडू आलं, सख्ख्या चुलतीसाठी आलं नव्हतं तेवढं.

माझी लेक आता लग्नाची झाली आहे. स्थळं यायला लागली आहेत. चकलांब्यात राघू कुठेही मिळतो, आणि आमचे हे मोठे हौशी. पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच बाटल्या आणून घरच्या फ्रिजमध्ये भरून ठेवतात. ठेवोत बापडे. त्या रात्री सगळे झोपले की मी फ्रिजची पिन काढून ठेवते.