दुसऱ्याच लग्नातली नवरी

आमच्या वर्षानं एकदा भलत्याच लग्नातली नवरी सजवली होती.

आज सकाळी वर्षा गेली.

ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत, हे अजून माझ्या डोक्यात बसत नाहीये.

दारव्ह्यात ज्यांच्या घरी पोरीचं लग्न झालं, त्यांना वर्षा कोण हे सांगायला नको. घराच्या समोरच्या खोलीत पार्लर. एक मोठा आरसा आणि एक फिरती खुर्ची, जी कधीच फिरली नाही.

मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. सुट्टी असली की लग्नाच्या ऑर्डरला तिच्यासोबत जायचे. पिना धरायला. बाकी मला काही येत नव्हतं.

तर ते दिग्रसचं लग्न.

काळीपिवळी जीपमध्ये एवढी गर्दी, की मेकअपची पेटी माझ्या मांडीवर आणि मी वर्षाच्या मांडीवर. उतरलो तर समोरच मंगल कार्यालय. दारात बँडवाले. वर्षा सरळ आत.

"नवरी कुठी हाय?"

कोणीतरी खोली दाखवली. कोपऱ्यात एक पोरगी बसलेली. नुसतं तोंड धुतलेलं, हातात पावडरचा डबा.

वर्षा खेकसलीच, "काय वं, अजून अशीच बसून हाय? वर पाह्य. हलू नको."

पोरगी हलली नाही. बोललीही नाही.

फाउंडेशन झालं. एक डोळा झाला. आणि वर्षाचा फोन वाजला.

"ताई, कुठी हाय तुम्ही? नवरी रडून राह्यली इथी!"

"कायले खोटं बोलता? मी नवरीपाशीच हावो. गुपचूप बसली हाय बिचारी."

फोनवरच्या बाईनं कार्यालयाचं नाव सांगितलं.

आमची नवरी रस्त्याच्या पलीकडच्या कार्यालयात होती.

मी घाईघाईनं पेटी आवरायला लागले. तेवढ्यात ती पोरगी हळूच म्हणाली, "ताई, मले वाटलं नवरदेवाकडच्यायनं पाठवलं तुमाले."

तिच्यासाठी कोणी पार्लरवाली येणारच नव्हती. मामी येऊन पावडर लावून देणार होती, बस्स.

वर्षा मला म्हणाली, "पेटी ठेव खाली."

"वर्षे, तिकडचे लोक मारतीन आपल्याले!"

"मारू दे. एका डोळ्याची नवरी सोडून जाऊ का मी?"

दुसरा डोळा केला. केस बांधून दिले. स्वतःच्या केसातला गजरा काढून तिला माळला.

मग आम्ही साड्या वर धरून रस्ता ओलांडला आणि पलीकडे नवरीच्या आईच्या शिव्या खाल्ल्या. आत्याच्या वेगळ्या. वर्षा मान खाली घालून ब्रश फिरवत होती. मला वाटलं, रडतेय.

हसून राह्यली होती.

एकदा फेशियल चालू असताना लाइट गेली. उन्हाळा. आत जीव गुदमरला म्हणून तिनं सगळ्या बायकांना बाहेर ओट्यावर बसवलं. चार बायका, चारही तोंडं पांढरीफट, आणि समोरून बसस्टँडचा रस्ता. एकीचा नवरा तिला शोधत आला. बराच वेळ एकेका तोंडाकडे पाहत उभा राहिला.

वर्षा म्हणाली, "घ्या भाऊ, निवडून."

त्यानं चुकीची निवडली.

मागच्या वर्षी गाठ निघाली.

नागपूरला केमो सुरू झाला. मी रजा टाकून सोबत राहायचे. केस गेले, तेव्हा तिनं डोक्याला रुमाल बांधला. भुवया गेल्या, तेव्हा मात्र आरसा उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पर्समधून पेन्सिल काढून स्वतःच्या भुवया काढल्या. मग शेजारच्या बेडवरच्या आजीच्या. मग एकेक करत अख्ख्या वॉर्डाच्या.

राउंडला आलेले डॉक्टर दारातच थांबले. "तुम्ही सगळ्या एकाच घरच्या का?"

त्या वॉर्डात मी पहिल्यांदा बायकांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

त्या आजी गेल्या, त्या दिवशी तिनं पेन्सिल काढली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"सोनू बारावीत हाय वं," एवढंच म्हणाली.

सोनू तिची एकुलती एक पोरगी.

मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आम्ही आणलं. मी ताकात कालवलेला भात भरवत होते. दोन घास खाल्ले आणि म्हणाली,

"सोनूच्या लग्नात तिच्या तोंडाले तू हात नको लावू."

"काहून?"

"तुले येत नाई."

दोघी हसलो. हसता हसता तिला ढास लागली. पाठ चोळून दिली, पाणी पाजलं. नंतर तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. भात तसाच राहिला.

आज सकाळी चहाच्या वेळेला गेली. सोनूनं हाक मारली, मग मी मारली, मग आम्ही दोघींनी मिळून मारली.

दुपारी बुद्धवंदना झाली आणि तिला नेलं.

त्याच्या आधी, घर माणसांनी भरलेलं असताना, वर्षाचा फोन वाजला. सोनू तिच्या उशाशी बसली होती. तिनं सवयीनं उचलला.

"ताई, बोरीवरून बोलून राह्यली. आज पार्लर चालू हाय का?"

"हाव, या ना, आई..."

पोरगी तिथंच थांबली. फोन माझ्या हातात दिला आणि आईच्या पायाशी जाऊन बसली.

मी म्हणाले, "आज बंद हाय बाई."

"बरं. मंग उद्या येऊ का?"

मी फोन कानावरून खाली घेतला. ती बिचारी हॅलो हॅलो करत राहिली.

वर्षे, सोनूजवळ मी हावो. तू जाय आता, माय.

तुला अखेरचा जयभीम.