बांधाला सुटलेलं पोट

उमरग्याच्या स्टँडवर अप्पांनी मला हैदराबादच्या गाडीत खिडकीशी बसवलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि अव्वाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. आई-वडिलांना आमच्यात अव्वा-अप्पा म्हणतात; कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की घरात निम्मं कानडीच चालायचं. शेजारच्या सीटवर मावशी होती. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून मी तिच्याकडे जायचं असं मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. बसू, तू चार वर्षांचा होतास आणि अप्पांच्या खांद्यावर बसून शेंगा खात होतास. तुला ठेवून घेतलं आणि मला पाठवलं, याचा राग मला बरीच वर्षं पुरला. अप्पा खिडकीच्या गजाला धरून एवढंच म्हणाले, "वढ्याचा पूल गेला की डावीकडं बघ. अव्वा दिसंल. हात जोड."

पूल गेला. डावीकडे आमचं रान होतं आणि त्या रानातच अव्वाला ठेवलं होतं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात, आणि ज्याचं स्वतःचं रान आहे तो शक्यतो रानातच ठेवतो. मला त्या दिवशी घरी बायकांत बसवून ठेवलं होतं आणि पुढचे सगळे दिवस माझे तापात गेले, त्यामुळे नेमकी जागा मी पाहिलीच नव्हती. धावत्या गाडीतून डोळ्यात भरण्यासारखं एकच काही होतं, रानाच्या मधोमध उभा असलेला लिंब. मी त्या लिंबाला हात जोडले आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले.

पाच-सहा वर्षांनी सुट्टीत आले तेव्हा रस्ता रुंद झाला होता. अप्पांबरोबर रानात गेले आणि विचारलं, "लिंबाखालीच ना अप्पा?" त्यांनी मान डोलावली. तिथे ना ओटा होता ना दगड. मी विचारलं तर म्हणाले, "माती मातीत गेली, दगूड कशाला पायजे?" मला ते फार मोठं बोलणं वाटलं होतं. हैदराबादला परत जाऊन मी मैत्रिणींना ते अभिमानाने सांगितलंसुद्धा.

हैदराबादने मला शिकवलं, पोटापाण्याला लावलं, नवरा दिला. मी 'नक्को' आणि 'हौ' बोलायला लागले, भाकरी महिन्यातून एकदा आणि तीही गॅसवर फुगत नाही म्हणून चिडत भाजायला लागले. गावाकडून कुणाचा फोन आला की नवरा म्हणतो, तुझा आवाज बदलला. बदलतोच. पण गावाशी माझं खरं नातं उरलं होतं ते त्या पुलावरच्या अर्ध्या मिनिटाचं. येता-जाता, मुलं कडेवर असताना, एकदा तर उलट्या होत असतानासुद्धा, मी लिंबाला हात जोडायला चुकले नाही. तूही पुण्याहून आलास की तिथेच फुलं ठेवत आलास.

माझं काम तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गावोगावचे जुने नकाशे स्कॅन करून आमच्याकडे येतात. ते आजच्या उपग्रहाच्या चित्रावर नेमके बसवायचे आणि जुन्या रेघा कॉम्प्युटरवर गिरवून घ्यायच्या. बसवायचे कसे, तर दोन्हीकडे सापडणाऱ्या खुणा धरून. विहीर, देऊळ, ओढ्याचं वळण. पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं की बांधावर कधी भरवसा ठेवू नका, बांध चालतात. मी हसले होते. बांध कसे चालतात ते शेतकऱ्याच्या पोरीला हैदराबादचा साहेब सांगणार?

दोन वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याचे कागद टेबलावर आले. निजामाच्या वेळचा आपल्या गावाचा नकाशा, कडा वाळवीने खाल्लेल्या, गावाचं नाव उर्दूत. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग जेवणाची सुट्टी मी त्या कागदावरच काढायला लागले. अणदूरच्या खंडोबाकडे जाणारी गाडीवाट सापडली, जिच्यावर आता सोयाबीन आहे. ओढ्यापलीकडे सहा घरांची एक वस्ती सापडली. ती माणसं कोण होती, कुठे गेली, गावात एकालाही सांगता आलं नाही. सहा घरं उठून गेली आणि नावसुद्धा मागे राहिलं नाही. मी तुला फोटो पाठवायचे आणि तू अंगठा पाठवायचास.

गेल्या वर्षी अप्पांच्या फुप्फुसात पाणी झालं. फोनवर धाप टाकत म्हणाले, "बाई, माझं काय आता ऱ्हायलं न्हाय. अव्वाच्या शेजारी जागा ठीव मला. लांब नगं." आयुष्यात त्यांनी मला मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, ठेवते. आणि माणूस घाबरला की हाताला सवयीचं काम शोधतो, तसं मी आपल्या रानाचा नकाशा करायला बसले. खाली निजामाचा कागद, त्यावर अव्वा गेली त्या सुमाराचं जुनं उपग्रहचित्र, त्यावर आजचं. लिंबाशेजारची जागा आखून अप्पांना दाखवायची, त्यांना बरं वाटेल, एवढाच विचार.

तिन्ही एकमेकांवर ठेवल्यावर एक गंमत दिसली. पूर्वेकडे आपला आणि चांदबीखालाचा बांध आहे ना, तो निजामाच्या कागदावर सुतासारखा सरळ होता. आजही सरळ आहे. पण मधल्या चित्रात तो रस्त्याजवळ चांदबीच्या रानात फुगला होता, माणसाचं पोट सुटावं तसा. चांदबी म्हणजे आपली शेजारीण, तरुणपणीच विधवा झालेली, पुतण्यांच्या आधाराने रान कसणारी. मी मनात म्हटलं, वा अप्पा, तुम्हीसुद्धा बांध कोरलात. कुणाच्या बापाने कोरला नाही? मला खरंच हसू आलं होतं.

दिवाळीनंतर गेले तेव्हा ते ओसरीवर बाजेवर पडून होते. प्रिंट त्यांच्या हातात दिली आणि चिडवलं, "अप्पा, आपल्या बांधाला पोट कसं काय सुटलं हो?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. लिंब कुठे, पूल कुठे, ते मी दाखवलं. मग त्यांनी बोट टेकवलं ते लिंबावर नाही, त्या पोटावर. म्हणाले, "अव्वा हितं हाय."

"लिंबाखाली ना?" मी म्हटलं.

"लिंबाखाली तू म्हनलीस. म्या व्हय म्हनलं."

पुढचं त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. अव्वा जायच्या आदल्या साली त्यांनी शिवेचा दगड सरकवला होता. चांदबीचे पुतणे तेव्हा लहान, घरात बापय माणूस नव्हतं, बोलणार कोण? अव्वा नको म्हणत होती. दुसऱ्याचं वीतभर घेतलं की आपलं हातभर जातं, हे तिचं नेहमीचं बोलणं तुला आठवणार नाही, मला आठवतं. त्यावरून दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती. आणि मग ती गेली. अप्पा म्हणाले, "सरकवलेल्या जागंतच ठिवलं तिला. मढं हाय तिथली जमीन कोन मागत न्हाय, म्हनलं."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. ती माझ्या घरातली आहे हे मला चाळिशीत कळलं. त्या बाईला जे नको होतं, त्याचीच राखण तिला मेल्यावर करायला बसवली. मी उठून आत गेले, चुलीपुढे बसले, आणि बापाचा मला जेवढा राग आला तेवढा आजवर कुणाचा आला नव्हता. संध्याकाळी पेज मात्र त्यांना मीच भरवली.

दुसऱ्या दिवशी चांदबीखालाकडे गेले. ढाब्याच्या मागे दोन खोल्यांत असते. नजर गेली आहे, पण माझा आवाज ओळखला. मी सगळं सांगितल्यावर म्हणाली, "मला ठाव हुतं की बेटी. तुझ्या अव्वाला माती द्यायला म्या बी आल्ते. माझ्याच रानातली मूठ तिच्यावर टाकली. त्या दिवशी काय बोलायचं? अक्का चांगली हुती."

मग तिने ते सांगितलं, जे अप्पांनी गिळलं होतं. रस्त्यासाठी सरकारी मोजणी यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी, जुन्या कागदापुढे चोरी उघडी पडेल या भीतीने, अप्पांनी अव्वाच्या जागेवरचे दगड उचलून विहिरीत टाकले. मोजणीवाल्यांनी जुना कागद धरून शिवेचा दगड मूळ जागी बसवला. पोट गेलं आणि अव्वा चांदबीच्या हद्दीत आली. दोन वर्षांनी चांदबीच्या पुतण्यांनी रस्त्याकडचा तुकडा ढाब्याला दिला. ट्रक वळायला काँक्रीट टाकायचं ठरलं तेव्हा ही बाई स्वतः आपल्या दारात आली होती.

"म्या बोल्ले, भाऊ, अक्काला हलवायचं असंल तर आजच सांगा. पोरं दोन दिस थांबतील. चार मानसं हुती वसरीवर बसलेली. तुझा अप्पा बोल्ला, ती तिथं न्हाय, ती लिंबाखाली हाय."

चार माणसांसमोर दगड सरकवल्याचं कबूल करावं लागलं असतं, म्हणून. झाकली मूठ राहिली आणि तिसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.

मी ढाबेवाल्याला जाऊन भेटले. माणूस वाईट नाही. नकाशा नीट पाहिला, चहा दिला, म्हणाला, "ताई, सगळं फोडलं तर गाड्या कुठं वळवू? अन् हाडं लागली, न्हाय लागली, कोन सांगावं?" त्याचं काही चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही. घरी आले तर अप्पा उशीवरून मान उचलून वाट बघत होते. "व्हईल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाय अप्पा." तेवढी दोन अक्षरं मी गावच्या बोलीत बोलले, का ते माहीत नाही. त्यांनी मान खाली ठेवली. त्यानंतर ते जे दहा-बारा दिवस होते, त्यांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही, पाणीसुद्धा.

आपण त्यांना लिंबाखाली ठेवलं. तू बिल्वपत्रं टाकलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "अक्का, दोघं जवळ आली एकदाची." मी मान डोलावली. हुबेहूब अप्पांनी डोलावली होती तशी. ते मला त्याच क्षणी कळलं आणि तरीही मी तोंड उघडलं नाही. माती द्यायला आलेली माणसं आजूबाजूला उभी होती. म्हणजे चार माणसांचं भय मलाही त्यांच्याकडूनच आलं आहे, रानासारखंच वाट्याला. त्याला आता आठ महिने झाले. हे तुला फोनवर सांगायला मी पाच-सहा वेळा गेले आणि दर वेळी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे.

ऑफिसात आपल्या गावाचं काम या महिन्यात संपलं. पूर्वेची रेघ मीच गिरवली, निजामाच्या कागदाप्रमाणे, सरळ. चांदबीखालाचं तिच्याकडे राहिलं, ते बरोबरच आहे. पण ती रेघ ओढताना अव्वाला आपल्या रानातून मी माझ्या हाताने बाहेर काढते आहे असं वाटलं, आणि बाजूच्या टेबलावरची पोरगी विचारायला लागली की मॅडम, डोळ्यात काय गेलं. त्या सहा घरांच्या वस्तीला जशी कागदावर खूण तरी आहे, तशी अव्वाला कुठेच नाही. तेव्हा माती दिलेले बाकीचे गेले, ढाबेवाल्याला खात्री नाही; ती जागा आता जगात चांदबीला आणि मला माहीत आहे, आणि हे वाचून झाल्यावर तुला. चांदबी ऐंशीच्या पुढे आहे.

लोक मला विचारतात, गाव कोणतं, घर आहे का तिकडे. घराला कुलूप आहे, रान वाट्याने दिलं आहे. पूर्वी मी सांगायचे, आमचा लिंब आहे. आता ते सांगवत नाही. तीसेक वर्षं मी ज्याला हात जोडले तिथे काहीच नव्हतं, आणि आता आहे तर बाप आहे, एकटा. लिंबापासून ढाब्यापर्यंत मी चालून पाहिलं. एकशे चाळीस पावलं भरतात. "लांब नगं" म्हणाले होते.

हल्ली मी स्टँडपर्यंत जात नाही, ढाब्यावरच उतरते. उजव्या कोपऱ्यात, जिथे ट्रक वळतात, तिथे खुर्ची ओढून घेते, चहा सांगते आणि चपला काढून पाय खाली ठेवते. उन्हात काँक्रीट भाजतं. ड्रायव्हर लोक बघतात, मग आपापलं जेवायला लागतात.

बसू, तू संक्रांतीला येणार आहेस. स्टँडवर उतरू नकोस, मी ढाब्यावर असेन. फुलं तिथेच आण. तुला माझा राग आला तर तिथेच ये आणि काय बोलायचं ते अव्वासमोर बोल. लिंबाकडे आपण नंतर चालत जाऊ. अप्पांना थोडं थांबू दे.