बाबा आणि मोबाईलमधलं चक्र

मंडळी, आज ऑफिसमधून दुपारीच घरी आले, तर माझे बाबा मोबाईलसमोर ताठ बसलेले. स्क्रीनवर भलंमोठं चक्र आणि ते फिरवणारी हसरी मुलगी. ऑनलाइन कॅसिनोचा लाइव्ह गेम शो!

मी उडालेच. "बाबा, पैसे लावता? अबू धाबीत आहोत आपण, इथे असा जुगार गुन्हा आहे!"

"छे गं, नुसतं बघतो," म्हणाले आणि मलाच शिकवायला लागले. "स्टुडिओत खरं चक्र असतं. लोकांना आकडा निवडायला थोडेच सेकंद मिळतात, मग खलास, चक्र फिरतं. पण हिला घाई फार. आकडा कसा, जरा ताणून सांगावा!"

ते बोलणारच. पुण्याच्या आमच्या सोसायटीत गणपतीत हाउजीचे आकडे बाबाच पुकारायचे. "वन फॅट लेडी..." म्हणून थांबायचे आणि अख्खं पटांगण ओरडायचं, "नंबर एट!"

"पण रोज बघता कशाला?"

"चॅटमध्ये हॅलो लिहिलं की ती 'हॅलो वसंत' म्हणते."

मी रागवायचं विसरूनच गेले. इथे मी त्यांना बाबा म्हणते, मुलं ग्रँडपा म्हणतात, वॉचमन अंकल म्हणतो. वसंता म्हणणारे सगळे मित्र पुण्यात राहिले.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नावाने शेवटची हाक कोणी मारली होती, आठवतंय?