धाकलं वर्तुळ

शिरपूरच्या बाजारात ती धावड्याची साल विकायची. प्रत्येक तुकडा आधी स्वतः चावून बघायची. तोंड तुरट झालं नाही तर सरळ मागे फेकायची. तिची चाचणी एवढीच. नाव विचारलं तर फिस्कारली, "साल ले, नाव लिसन काय करशी?"

पीएचडीसाठी मी त्या सालीचा अर्क आणि स्वतः तयार केलेलं रसायन एकाच जिवाणूवर तपासलं. औषध चाललं की त्याच्याभोवती जिवाणू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ उरतं. सालीभोवती होतं, पण जेमतेम.

"एवढंसं काय दाखवायचं? गाळून टाका," माझे मार्गदर्शक सर म्हणाले.

पुढच्या बाजाराला मी तिला मोबाइलवर त्या वर्तुळाचा फोटो दाखवला, सरांचं म्हणणंही सांगितलं. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"धाकलं शे, पन शे ना? मंग लिख!"

पुन्हा तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेवढंच वर्तुळ. प्रबंधात लिहिलं. सर चिडले, तेव्हा त्यांना पुढची ओळही मोठ्याने वाचून दाखवली: माझ्या रसायनाभोवती तेवढंही नव्हतं.