आठ पानं, तीन पुरवठे

नारपोलीच्या चांगदेवशेठनी सर्किटची पानं वाटली ती थेट वडिलोपार्जित जमीन वाटावी तशी. धागा तुटला की कापड विणणारी लूम आपोआप थांबवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड बनवायचं होतं. सर्किट मोठं, एका कागदावर मावेना, म्हणून आठ पानांत काढायचं ठरलं. तीन पानं थोरल्या मुलाला, विशालला, तीन धाकट्या सागरला, उरलेली दोन पुतण्या भावेशला. दोनच मिळाली म्हणून भावेशच्या आईने आठवडाभर जावेच्या घरी चहा घेतला नाही.

रंजिता टेमघरहून यायची. वय बेचाळीस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, कारखान्यात सोळा वर्षं. तिच्या वाट्याला पान नव्हतं. कोपऱ्यातला एक चौकोन होता, ‘तपासणी’ लिहिलेला. त्यात सही करायची. गेल्या वर्षी तिथे अनंता केणेची सही होती. चाळीस कार्डं जळाली. पानं काढणारे तिघे कारखान्यातच राहिले. अनंता सध्या गणेशपुरीला एका लॉजवर चाव्या देतो.

सोमवारी सकाळी तिघे आले. प्रत्येकाने आपापलं सर्किट संगणकावर चालवून पाहिलेलं. सगळी पास.

“घे, कर सही,” शेठ म्हणाले. “तीन वाजता पार्टी येतेय. पन्नास कार्डं बनवायला टाकायची हायत.”

“आठही पानं जोडून एकदा चालवते.”

“सगळी पास हायत, मग जोडून कशाला बघायची?”

“घरात सगळी माणसं चांगली असतात, शेठ. एकत्र जेवायला बसली की कळतं.”

शेठनी खुर्ची संगणकाकडे सरकवली. तो अनुभव त्यांनाही होता.

पानं जोडली आणि पडदा लाल झाला. रंजिताने पानं चाळली. प्रत्येकाने आपल्या हद्दीत आपला वेगळा वीजपुरवठा बसवला होता. विशालचा पाच व्होल्टचा. सागरचा साडेपाचचा, भावाहून कमी नको म्हणून. भावेशचा सहाचा, कारण पानं कमी मिळाली होती. तिन्ही जाऊन भिडले होते एकाच तारेला. खऱ्या कार्डात ते एकमेकांवर जोर करत बसले असते, आणि धूर निघाला असता.

“दोन पुरवठे काढावे लागतील,” ती म्हणाली.

“सागरचा काढा,” विशाल म्हणाला.

“का? दादाचा काढा, तो जुना झाला.”

“माझ्या पानाला हात न्हाय लावायचा, ताई,” भावेश म्हणाला. “आधीच दोन हायत.”

रंजिताने वाद घातला नाही. सोळा वर्षांत तिने या कुटुंबातली पाण्याची मोटर, पार्किंग आणि गणपतीच्या आरतीचं ताट, तिन्हींची भांडणं पाहिली होती. तिने नववं पान काढलं, त्यावर पाच व्होल्टचा एकच पुरवठा ठेवला आणि तिथून तार आठही पानांवर नेली. तिघांचे पुरवठे काढून टाकले. सर्किट पहिल्या फटक्यात चाललं. पडद्यावर धागा तुटला, लूम थांबली.

जेवून आली, सही करण्याआधी पुन्हा एकदा चालवलं. पडदा लाल! भावेशच्या पानावर सहा व्होल्ट परत येऊन बसले होते.

“भावेश!”

“राहू द्या ना, ताई. आई विचारते, तुझ्या पानावर लाइट न्हाय का म्हणून.”

घड्याळात अडीच वाजले होते. रंजिताने ते सहा व्होल्ट पुसले. त्याच जागी पुरवठ्याचं नुसतं चित्र काढलं, ठळक, दुप्पट मोठं. खाली भावेशचं नाव लिहिलं. त्याला तार कुठलीच जोडली नाही. संगणकाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

भावेशने दोन पावलं मागे सरून पडद्यावरचं पान लांबून पाहिलं. “हां! आता कसं भरलेलं वाटतंय.”

पाच मिनिटांत विशाल आणि सागर दारात उभे. “आमच्या पानावर असलं का न्हाय?”

तिने दोघांनाही काढून दिलं, सारख्याच मापाचं, पडद्याला पट्टी लावून. मग आठ पानं आणि नववं जोडून शेवटचं चालवलं, कागद छापले, आणि पावणेतीनला त्या छोट्या चौकोनात सही केली.

पार्टीने कागद उलटून विचारलं, “हे तीन मोठे पुरवठे कशाचे?”

“घरचे हायत,” शेठ अभिमानाने म्हणाले.